उत्तर डोक्यातच असतं, मग पेपरात जातं कुठे?

"सगळं येत होतं, पण पेपर हातात आला आणि ब्लँक झालो." बोर्डाच्या परीक्षा सुरू झाल्या की हे वाक्य घरोघरी ऐकू येतं आणि त्यावरची भाष्यंही ठरलेली असतात. वडील म्हणतात, अभ्यासच केला नसेल. आजी म्हणते, नजर लागली. क्लासचे सर म्हणतात, रिव्हिजन कमी पडली, अजून दोनदा वाचायला हवं होतं. मुलाला स्वतःला वाटतं की डोक्यातलं सगळं पुसलं गेलं. या चौघांपैकी माझं खरं भांडण क्लासच्या सरांशी आहे. ते का, ते पुढे येईलच.

आधी मुलाचं पाहू. पुसलं काहीच जात नाही. पेपर देऊन शाळेच्या फाटकाबाहेर यावं, अजून कुणी काही विचारलंही नसावं, आणि मुक्तिवेगाचं सूत्र आपोआप समोर यावं, हा अनुभव ज्याने कधी परीक्षा दिली त्याला नवा नाही. माहिती मेंदूत शाबूत होती. मधले तीन तास ती बाहेर येत नव्हती, एवढंच. साठवणं आणि आठवणं ही मेंदूची दोन वेगळी कामं आहेत आणि भीती त्यांतल्या दुसऱ्याच्या आड येते. हे फार सुंदर रीतीने दाखवून दिलं उंदरांनी.

१९९८ साली 'नेचर' या नियतकालिकात द क्वेरव्हेन, रोझेंदाल आणि मॅगॉ यांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. पाण्याच्या गोल टाकीत एक छोटा चौथरा पाण्याखाली दडवलेला असतो. उंदराला तिथे सोडलं की तो पोहत पोहत चौथरा शोधतो आणि काही फेऱ्यांत त्याची जागा पक्की लक्षात ठेवतो. दुसऱ्या दिवशी त्याची परीक्षा. मात्र परीक्षेआधी काही उंदरांच्या पायांना विजेचा सौम्य झटका दिला. कुणाला परीक्षेच्या दोन मिनिटं आधी, कुणाला तीस मिनिटं आधी, कुणाला चार तास आधी. आता तुम्हीच सांगा, सगळ्यात जास्त कोण गडबडलं असेल? आपण सहज म्हणू, दोन मिनिटांपूर्वी झटका बसला तोच. बिचारा अजून थरथरत असणार! प्रत्यक्षात दोन मिनिटंवाल्यांना जागा व्यवस्थित आठवली. चार तासवाल्यांनाही आठवली. वाट चुकले ते तीस मिनिटंवाले.

या निकालात सगळी गोष्ट दडलेली आहे. घाबरल्यावर शरीरात दोन लाटा उठतात. पहिली अ‍ॅड्रिनलिनची. ती मज्जातंतूंच्या तारेवरून येते, म्हणून काही सेकंदांत छाती धडधडते, तळहात ओले होतात, पोटात गोळा येतो. दुसरी लाट रक्तातून फिरत येते. मेंदूच्या तळाशी असलेला हायपोथॅलॅमस एक संप्रेरक सोडतो, ते पीयूषिका ग्रंथीला जागं करतं, पीयूषिका दुसरं संप्रेरक रक्तात सोडते, ते मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथींपर्यंत जातं आणि मग तिथून कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक बाहेर पडतं. एवढा सरकारी कारभार असल्यामुळे कॉर्टिसॉलची पातळी शिखरावर जायला साधारण वीस ते तीस मिनिटं लागतात. उंदरांमध्ये कॉर्टिसॉलच्या जागी त्याचंच भावंड, कॉर्टिकोस्टेरॉन असतं. संशोधकांनी औषध देऊन ते तयारच होऊ दिलं नाही, तेव्हा तीस मिनिटंवाल्या उंदरांनाही चौथरा बरोबर सापडला. म्हणजे धडधड निर्दोष. अडवणूक करत होती ती दुसरी लाट.

दोन वर्षांनी हीच गोष्ट माणसांत तपासली गेली. लोकांना शब्दांची यादी पाठ करायला दिली आणि दुसऱ्या दिवशी, चाचणीच्या तासभर आधी, २५ मिलिग्रॅम कॉर्टिझोनची गोळी दिली. शरीर तिचं कॉर्टिसॉल करतं. त्यांना शब्द कमी आठवले. तीच गोळी पाठांतराच्या आधी किंवा लगेच नंतर दिली तेव्हा काही बिघडलं नाही.

ज्यांना रेणूंचा कंटाळा आहे त्यांनी पुढचा परिच्छेद सोडला तरी चालेल, मला मात्र तो सोडवत नाही.

कॉर्टिसॉल मेदात विरघळतं, त्यामुळे रक्तातून मेंदूत शिरायला त्याला कुणाची परवानगी लागत नाही. स्मृतीचं मोठं काम जिथे चालतं त्या हिप्पोकॅम्पसमध्ये ते पकडणारे दोन प्रकारचे ग्राही असतात, मिनरॅलोकॉर्टिकॉइड आणि ग्लुकोकॉर्टिकॉइड. पहिल्या ग्राहीची कॉर्टिसॉलवरची पकड दुसऱ्याच्या जवळपास दहापट घट्ट असते. एसटीत आधी बसायच्या जागा भरतात आणि मग मधल्या वाटेत उभ्याने गर्दी होते, तसं हे आहे. नेहमीच्या शांत दिवशीही पहिल्या प्रकारच्या जागा बहुतेक भरलेल्या असतात आणि गाडी छान चालते, माणूस सावध असतो. ताण चढला, कॉर्टिसॉल वाढलं, की दुसऱ्या प्रकारचे ग्राही भरू लागतात आणि कंडक्टरला पुढे सरकता येईना होतं. हा कंडक्टर म्हणजे आठवण्याची क्रिया. गंमत अशी की हेच भरलेले ग्राही, जोडीला मेंदूतल्या भीतीच्या केंद्रातलं, म्हणजे अमिग्डालामधलं नॉरअ‍ॅड्रिनलिन असलं की, त्या क्षणी घडणारी नवी घटना मात्र घट्ट कोरून ठेवतात. म्हणून गणिताच्या पेपरात घाम फुटला तो क्षण, समोरचा बाक, पर्यवेक्षकांच्या चपलांचा आवाज हे सगळं चाळिशीतही आठवतं. न आठवलेलं उत्तर कोणतं होतं तेही आठवतं! उत्क्रांतीच्या हिशेबात हे शहाणपणाचंच आहे. वाघ समोर असताना जुनं चाळत बसण्यापेक्षा वाघ कुठून आला ते लक्षात ठेवणं फायद्याचं. उत्क्रांतीला बोर्डाची कल्पना नव्हती.

आता घड्याळाकडे पाहा. राज्य मंडळाचा सकाळचा पेपर अकराला सुरू होतो आणि मुलांना साडेदहाला केंद्रावर हजर राहायला सांगतात. त्या अर्ध्या तासात फाटकाशी काय चालतं? "तू धातुविज्ञान केलंस? अरे, ते येणारच आहे." "मोहिमांच्या तारखा पाठ आहेत का?" कुणी गाईडची पानं उलटतंय, कुणाचे बाबा शेवटचं विचारून घेतायत. साडेदहाला उडालेली घाबरगुंडी कॉर्टिसॉलच्या शिखरावर पोहोचते ती नेमकी प्रश्नपत्रिका हातात पडते तेव्हा. उंदरांना तीस मिनिटं आधी झटका द्यायला प्रयोगशाळा लागली, आपण ते काम फुकट करतो. केंद्रावर वेळेत जावं, पण अभ्यास विचारणाऱ्या घोळक्यापासून लांब उभं राहावं, इतकी साधी गोष्ट.

या मोसमात बाजारही जोरात असतो. स्मरणशक्तीची सिरपं, मंत्राने सिद्ध केलेली पेनं, सरस्वती यंत्रं. आणि हे सगळं मागासलेलं वाटणाऱ्या सुशिक्षितांसाठी 'मिडब्रेन अ‍ॅक्टिव्हेशन'चे हजारो रुपयांचे वर्ग, ज्यात डोळ्यांवर पट्टी बांधून मुलं वाचतात म्हणे. पट्टीच्या नाकाजवळच्या फटीतून वाचतात, दुसरं काही नाही. मध्यमस्तिष्क प्रत्येक मुलाचं जन्मापासून चालूच असतं. ते बंद असतं तर मुलाला डोळेही नीट फिरवता आले नसते. दही-साखर खाऊन निघायला माझी हरकत नाही. आजीच्या हातचं आहे, पोटात काहीतरी जातं आणि फी लागत नाही.

अतिउत्साह शास्त्रज्ञांनाही होतो, हेही सांगायला हवं. २०११ साली 'सायन्स'मध्ये एक शोधनिबंध आला. परीक्षेच्या आधी दहा मिनिटं मनातली भीती कागदावर लिहून काढली तर गुण वाढतात, असं त्याचं म्हणणं होतं. जगभर गाजला, शाळांमध्ये पोहोचला. २०१८ मध्ये नामांकित नियतकालिकांतले २१ प्रयोग पुन्हा करून पाहण्यात आले, त्यात हा टिकला नाही. भीती लिहून काढल्याने कुणाला बरं वाटत असेल तर जरूर लिहावी, गुणांची हमी मात्र समजू नये. तीच गत 'थोडा ताण हवाच' म्हणून दाखवतात त्या उलट्या यू आकाराच्या आलेखाची. त्याचं मूळ यर्क्स आणि डॉडसन यांनी १९०८ साली उंदरांना झटके देऊन केलेल्या प्रयोगात आहे. त्यातून बाबांना ओरडायचा परवाना मिळत नाही.

मग क्लासच्या सरांशी भांडण कशाचं? 'अजून दोनदा वाच' या सल्ल्याचं.

२००६ साली रोडिगर आणि कार्पिक यांनी विद्यार्थ्यांना विज्ञानाचे उतारे वाचायला दिले. एका गटाने उतारा पुन्हा वाचला. दुसऱ्याने तो बाजूला ठेवून आठवेल तेवढं कोऱ्या कागदावर लिहिलं. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते, ८१ टक्के विरुद्ध ७५. आठवड्याने घेतली तेव्हा वाचणारे ४२ वर आले होते आणि लिहून पाहणारे ५६ वर. पाच मिनिटांचा तो निकालच विद्यार्थ्यांना फसवतो. दुसऱ्यांदा वाचताना ओळी ओळखीच्या वाटतात, वाटतं झालं पाठ. ओळखणं आणि आठवणं यांत अंतर आहे, आणि पेपरात ओळखायला समोर काहीच नसतं.

२०१६ साली टफ्ट्‌स विद्यापीठात याला ताणाची जोड दिली गेली. १२० विद्यार्थ्यांपैकी निम्म्यांनी शब्द आणि चित्रं पुन्हा पुन्हा पाहून पाठ केली, निम्म्यांनी आठवून आठवून. दुसऱ्या दिवशी काहींना परीक्षकांसमोर आयत्या वेळी भाषण करायला आणि तोंडी गणितं सोडवायला लावून चांगलं घाबरवलं. मग कॉर्टिसॉल चढेपर्यंत थांबून विचारलं. पाहून पाठ करणाऱ्यांचं आठवणं घसरलं. आठवून पाठ करणारे घाबरले होते तरी घसरले नाहीत. पुढच्या सगळ्याच प्रयोगांत हा फरक इतका ठळक दिसला असं नाही, पण दिशा मला पटते. एकाच गोष्टीपर्यंत अनेकदा, वेगवेगळ्या धाग्यांनी पोहोचलेलं असलं की एक धागा अडला तरी दुसरा हाती लागतो.

आणि इथेच दुष्टचक्र आहे. घाबरलेल्या मुलाला पुस्तक मिटून स्वतःची परीक्षा घ्यायची हिंमत होत नाही, कारण त्यात आपल्याला काय येत नाही ते लख्ख दिसतं. वाचत राहिलं की बरं वाटतं. म्हणून तो आणखी वाचतो, पिवळ्या हायलायटरने अख्खं पान रंगवतो. जो जास्त घाबरतो तोच भीतीपुढे सगळ्यात कच्ची ठरणारी पद्धत निवडतो, आणि पेपरात अडला की सर सांगतात, अजून वाच.

करायचं कसं, तर धातुविज्ञानाचा धडा एकदा नीट वाचून पुस्तक मिटायचं. कोऱ्या पानावर लिहायचं: बॉक्साइट. पुढे? अ‍ॅल्युमिना. पुढे विद्युत अपघटन. त्यात क्रायोलाइट घालतात. का बरं? इथे पेन थांबतं, अस्वस्थ वाटतं, हात पुस्तकाकडे जातो. तो मिनिटभर आवरायचा. वितळणबिंदू कमी करायला, असं आठवलं तर उत्तम. नाही आठवलं तर मग पाहायचं, आणि दोन दिवसांनी पुन्हा त्याच जागी स्वतःला गाठायचं. या अस्वस्थतेला घाबरू नये, अभ्यास तेव्हाच चाललेला असतो. पूर्वपरीक्षेसारखे दोन-तीन पेपर घड्याळ लावून, टेबलावर, उठून पाणी न पिता लिहिले तर परीक्षेच्या खोलीचं नवखेपणही कमी होतं. आई-वडिलांनी "किती झालं?" विचारण्याऐवजी "क्रायोलाइट कशाला लागतं रे?" विचारलं तर दोघांचाही वेळ सत्कारणी लागेल. आदल्या रात्रीची झोप कापू नये. दिवसा शिकलेलं मेंदू गाढ झोपेत पक्कं करतो.

श्वासाबद्दल थोडंसं. श्वास घेताना हृदयाचे ठोके किंचित वाढतात, सोडताना मंदावतात, कारण व्हेगस मज्जातंतूचा लगाम तेव्हा ताणला जातो. म्हणून चार आकडे मोजत घेऊन सहा-सात आकड्यांत सावकाश सोडला तर धडधड उतरते. त्याला प्राणायाम म्हणा की आणखी काही, व्हेगसला फरक पडत नाही.

झोप दोन-दोन आठवडे उडाली असेल, जेवण तुटलं असेल, जगणं नको वाटत असेल, तर ती परीक्षेची साधी भीती राहिलेली नाही. ते घरात सांगावं, डॉक्टरांना दाखवावं. टेली मानस ही सरकारी सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, विनामूल्य आणि मराठीतही बोलते. मित्राने दिलेली 'घबराटीची गोळी' मात्र घेऊ नये.

आणि एवढं करूनही पेपरात ब्लँक झालंच, तर त्या प्रश्नाशी झुंजत बसू नये. झुंजण्याने भीती वाढते आणि दुसरी लाट लांबते. पुरेशी जागा सोडून पुढे जावं, येतं ते लिहावं. जाताना प्रश्नाशेजारी पेन्सिलीने जे सुचेल ते टिपून ठेवावं, एखादी आकृती, सूत्रातली एखादी राशी, धड्यातला आधीचा मुद्दा. अडलेल्या आठवणीला अशीच टोकं लागतात. रक्तातलं कॉर्टिसॉल तास-दीड तासात निम्म्यावर येतं, म्हणजे पेपर अजून हातात असतानाच. मंडळाने २०२३ पासून पेपराच्या शेवटी दहा मिनिटं वाढवून दिली आहेत. सोडलेल्या जागेकडे परत यायला ती उपयोगी पडतात.