दळणात जवस-सोयाबीन कालवून आणण्याआधी

‘शुगरचं पीठ आहे का?’, म्हणजे मधुमेह असलेल्यांना चालेल असं पीठ, असं आमच्या गिरणीत रोज कुणी ना कुणी विचारतं. गहू, ज्वारी, बाजरी, नाचणी, काहीही दळा. १०० ग्रॅम पिठात रक्तातली साखर वाढवणारी कर्बोदकं ६० ते ७० ग्रॅमच्या घरातच असतात. नाचणीत कॅल्शियम भरपूर, ती जरूर खावी. पण पोळ्यांऐवजी तेवढ्याच भाकऱ्या खाल्ल्या तर कर्बोदकं होती तेवढीच राहतात.

मग बरेच जण घरूनच गव्हात सोयाबीन, जवस, तीळ कालवून डबा आणतात आणि सांगत नाहीत. आमची चक्की दगडाची आहे. तेलकट बी आत गेलं की दगडाच्या खाचा भरतात, पीठ गरम आणि चिकट येतं, मागच्या माणसाच्या दळणालाही वास लागतो. चक्की उघडून दगड साफ करावे लागतात, कधी छिन्नीने दगडाला पुन्हा टाकीही लावावी लागते, आणि रांग तशीच उभी. शिवाय जवसाचं पीठ लवकर खवट होतं, म्हणजे तुमचं अख्खं दळण वाया. म्हणून डबा उघडून बघितल्याशिवाय आम्ही दळण ओतत नाही. राग मानू नका.

आणि एवढं करून मिळतं काय? १० किलो गव्हात १ किलो सोयाबीन घातलं तर १०० ग्रॅम पिठामागे चारेक ग्रॅम कर्बोदकं कमी होतात. जेवणातली एक पोळी कमी केली तर २० ग्रॅम! आमचं दळण कमी होईल, पण खरं तेच आहे.

त्या पोळीच्या जागी पोट भरायला महागाच्या डब्यातली पावडर लागत नाही. मूठभर भाजलेले शेंगदाणे, मेथी किंवा पालेभाजी, ताक, एखादं उकडलेलं अंडं. हरभरा डाळीत गव्हाच्या जवळजवळ दुप्पट प्रथिनं असतात, तेव्हा पिठलं दाट करा आणि त्यासोबत भाकरी अर्धीच घ्या. जवस घरी भाजून मिक्सरला लावा, लसूण-मिरची घालून चटणी करा, आठवड्यापुरतीच करा.

मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर पोळ्या कमी करण्याआधी डॉक्टरांना विचारा, साखर एकदम उतरू शकते.

सोयाबीन घालायचंच असेल तर भाजून, १० किलोला १ किलो, आणि डबा देताना सांगा. भाजलेलं सोयाबीन, हरभरा डाळ, शेंगदाणे आमच्याकडे पावशेरापासून सुटे मिळतात. दळण २ किलोचंही घेतो.