येऊर परिसरातील खाद्य-पेयस्थाने

येऊर : ठाणे शहराच्या पश्चिमेस, साष्टी बेटाच्या मधोमध दक्षिणोत्तर गेलेल्या डोंगररांगेच्या पूर्व उतारावरील वस्ती. पाटोणापाडा, जांभूळपाडा, रोनाचा पाडा, वळणाचा पाडा अशा विखुरलेल्या पाड्यांचे मिळून हे गाव बनले असून मूळ लोकवस्ती मुख्यतः वारल्यांची आहे. गाव ठाणे महानगरपालिकेच्या हद्दीत आहे, भोवतालचे रान मात्र संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात (सु. १०४ चौ. किमी.) मोडते. या दुहेरी कारभाराचा इथल्या खाण्यापिण्याच्या जागांवर सतत परिणाम होत आला आहे. उपवन तलावाकडून चढणाऱ्या रस्त्याच्या कडेचे ढाबे व हॉटेले ठाणेकरांच्या परिचयाची आहेत. प्रस्तुत नोंदीत त्यांच्या आधीच्या जागांना अधिक स्थान दिले आहे.

या डोंगरात समुदायाने एकत्र बसून खाण्यापिण्याचा सर्वांत जुना पुरावा रांगेच्या पश्चिम अंगास, कान्हेरीला सापडण्याची शक्यता आहे. शंभराहून अधिक लेण्यांच्या या बौद्ध विहारसमूहात बहुतेक लेण्यांना लागून पाण्याचे टाके असून शिलालेखांत त्यांना ‘पोढी’ म्हटले आहे. भोजनस्थानाचा प्रश्न मात्र वादग्रस्त आहे. ‘दरबार’ नावाने ओळखल्या जाणाऱ्या अकराव्या लेण्यात दालनाच्या लांबीने दोन बुटके दगडी बाक कोरलेले आहेत. असेच बाक वेरूळच्या पाचव्या लेण्यातही आहेत. भिक्षू दोन्ही बाजूंना बसून त्यांवर भिक्षान्न घेत, असे एक मत. ग्रंथपठणासाठी पोथ्या ठेवण्याची ती आसने होती, असे दुसरे. बाकांची उंची आणि दालनाची सभागृहासारखी रचना पाहता दोन्ही उपयोग एकाच जागी होत असावेत, हे मत अधिक ग्राह्य वाटते. येऊरच्या आजच्या वस्तीशी या विहाराचा थेट संबंध जोडता येत नाही.

पेयस्थानांचा लेखी इतिहास अबकारी कायद्यांपासून स्पष्ट होतो. ठाणे भागात रस देणारी झाडे मुख्यतः तीन : किनाऱ्याकडील सपाटीवर ताड, वाड्यांतून माड आणि ओढ्याकाठी शिंदी. ताड-माडाचा फुलोरा बांधून, हलके ठोकून त्याचा शेंडा रोज चकतीसारखा कापतात व खाली मडके अडकवतात. शिंदीचा रस खोडाच्या कोवळ्या वरच्या भागाला खाच पाडून मिळतो. पहाटे उतरवलेला ताजा रस म्हणजे नीरा. हवेतील व मडक्यातील यीस्टमुळे तो काही तासांतच आंबू लागतो आणि दुपारपर्यंत त्याची ताडी होते. मडक्याला आतून चुना लावल्यास आंबणे रोखले जाते. रस टिकत नसल्यामुळे तो झाडाजवळच, त्याच दिवशी पिणे भाग असते. म्हणून ताडीचे पेयस्थान हे मुळात झाडाचा बुंधाच होता, असे मानावयास हरकत नाही.

१८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने हे चित्र बदलले. रस काढण्यास परवाना लागू लागला, झाडागणिक कर द्यावा लागला आणि विक्री ठराविक दुकानांत आली. परवानाधारक ताडीचे दुकान, म्हणजे गुत्ता, ही जागा या कायद्याने निर्माण केली की आधीपासूनच्या झाडाखालच्या बैठकीला केवळ छप्पर व पाटी मिळाली, याविषयी दोन मते संभवतात. दुसरे मत निसर्गक्रमाला अधिक धरून आहे. पण गुत्त्याने एक नवी गोष्ट निश्चित आणली : पिणाऱ्याला रोख पैसा लागू लागला. ज्यांच्या व्यवहारात पैसा तुरळक होता अशा डोंगरातील लोकांना ही तोशीस मोठी होती. पुढे १८९२ च्या मोह कायद्याने ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत मोहाची फुले बाळगण्या-नेण्यावरही निर्बंध आले. मोहाची फुले मार्च-एप्रिलमध्ये पहाटे गळतात. त्यांत साखर भरपूर असल्याने ती वाळवून दारूसाठी वापरतात; पण टंचाईच्या दिवसांत तीच शिजवून खाल्लीही जातात. त्यामुळे दारू रोखण्यासाठी केलेल्या या कायद्याचा हात थेट अन्नाच्या टोपलीपर्यंत पोहोचला. १८८२ च्या ठाणे जिल्हा गॅझेटिअरसारख्या तत्कालीन ग्रंथांतून वारल्यांच्या मद्याच्या आवडीचा जो उल्लेख येतो, तो वाचताना तो सरकारी दृष्टीतून लिहिलेला आहे हे ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे. वारली जीवनात ताडी पाहुण्याच्या स्वागतात, लग्नात आणि देवकार्यात असते. तिला केवळ व्यसन म्हणून नोंदवणे अन्यायाचे होय. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याने निर्बंध आणखी आवळले गेले.

पाड्यावरचे जेवण हे घरच्या चुलीवरचे. तांदळाची किंवा नागलीची भाकरी, सुकट वा बोंबील, मिरचीची चटणी, पावसाळ्यात ओढ्यातील खेकडे आणि रानभाज्या हा त्याचा गाभा. टाकळा, कंटोळी, भारंगी, कुर्डू या भाज्या सर्वज्ञात आहेत. शेवळाचा विचार मात्र सविस्तर केला पाहिजे, कारण रानातले अन्न शहरातील ताटात नेणारी ही मुख्य वाट आहे. शेवळ (शास्त्रीय नाव अमॉर्फोफॅलस कम्युटेटस) हे सुरणाच्या कुळातील कंदाचे फूल वळवाच्या पहिल्या सरींनंतर पानांच्या आधी जमिनीबाहेर येते. मेअखेर ते जून असा त्याचा अल्प हंगाम असतो. आदिवासी बाया त्याच्या जुड्या ठाण्याच्या जांभळी नाका बाजारात आणतात व सोबत काकडाची आंबट फळे (गारुगा पिनाटा) देतात. चांद्रसेनीय कायस्थ प्रभू घरांतून शेवळाची कणी व खिमा-कोळंबीसह केलेली शेवळे यांना फार मान आहे.

काकडे घातल्याशिवाय शेवळे घशाला खाजतात. काकडाच्या आंबटपणाने कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक विरघळतात, असे याचे स्पष्टीकरण सर्वत्र दिले जाते. परंतु हे लवण सौम्य सेंद्रिय आम्लांत सहज विरघळणारे नाही. स्फटिकांबरोबर असणारी प्रथिनभेदक विकरे (एंझाइमे) खाज वाढवतात आणि ती शिजवण्याने निकामी होतात, असे सुरणकुळातील वनस्पतींवरील संशोधनातून पुढे आलेले मत आहे. तळाचा पिवळा दाणेदार भाग व बाहेरचे जाड आवरण काढून टाकणे, चांगले परतणे आणि आंबट घालणे या तिन्हींचा एकत्रित परिणाम होत असावा. बाजारात बसलेली बाई हे तिन्ही नियम विकताना आवर्जून सांगते. तिचे ज्ञान छापील पाककृतींपेक्षा बहुधा पूर्ण असते.

रस्त्याकडेच्या टपऱ्यांवर चहा, कांदाभजी, भाजलेले कणीस मिळते; ढाब्यांवर गावठी कोंबडी व तांदळाची भाकरी. पाड्यांवरील अनेक स्त्री-पुरुष या स्वयंपाकघरांतून राबतात, पण पाटीवरच्या पदार्थांत त्यांच्या घरची भाजी क्वचितच दिसते. शनिवार-रविवारी व पावसाळ्यात गर्दी होते.

राष्ट्रीय उद्यानाभोवतीचे पर्यावरणसंवेदनशील क्षेत्र डिसेंबर २०१६ मध्ये केंद्र सरकारने अधिसूचित केले. उद्यानाच्या सीमेलगत नवी व्यापारी हॉटेले व रिसॉर्ट यांना त्यात मनाई असून निसर्ग-पर्यटनासाठीच्या लहान, तात्पुरत्या बांधकामांना मुभा आहे. जुन्या बांधकामांचे काय, हा वाद त्यानंतरही मिटलेला नाही. रात्रीचे दिवे व ध्वनिवर्धक यांविरुद्ध स्थानिक रहिवासी व निसर्गप्रेमी तक्रारी करीत आले आहेत. त्याहून कमी चर्चिला जाणारा, पण अधिक गंभीर विषय उष्ट्या अन्नाचा आहे. उघड्यावर टाकलेल्या अन्नावर भटकी कुत्री पोसली जातात आणि या उद्यानातील बिबट्यांच्या आहारात कुत्र्यांचे प्रमाण लक्षणीय असल्याचे अभ्यासांतून दिसले आहे. हॉटेलामागचा उकिरडा अशा रीतीने बिबट्याला वस्तीच्या कडेला आणतो, आणि अंधारात त्या कडेने चालणारी माणसे पाड्यावरचीच असतात. ओल्या कचऱ्याची बंदिस्त विल्हेवाट ही येथील प्रत्येक खाद्यस्थानाची पहिली अट असावयास हवी.