स्नोच्या नकाशाने कॉलरा थांबवला नव्हता

नाशकात आरोग्य विद्यापीठ असल्यामुळे साथरोगांची चर्चा इथे नेहमीची. तिच्यात ही गोष्ट हमखास येते: १८५४ मध्ये लंडनच्या डॉ. जॉन स्नो यांनी कॉलऱ्याचे मृत्यू नकाशावर मांडले, ब्रॉड स्ट्रीटवरचा पिण्याच्या पाण्याचा सार्वजनिक हातपंप दोषी दिसला, त्याचा दांडा काढला आणि साथ संपली.

क्रमच उलटा आहे. दांडा ८ सप्टेंबरला निघाला. नकाशा त्यानंतरचा, १८५५ मध्ये छापलेला. तोवर लोक वस्ती सोडून पळाल्याने साथ ओसरत होती, हे खुद्द स्नो यांनीच लिहिलंय. कॉलरा दूषित पाण्यातून पसरतो, हे म्हणणं तर त्यांनी १८४९ लाच मांडलं होतं.

खरा पुरावा दारोदार चौकशीतून आला. जवळच्या गरीबगृहात पाचशेहून अधिक माणसं, मृत्यू फक्त ५. तिथे स्वतःची विहीर होती. शेजारच्या बिअर कारखान्यातले कामगार वाचले, कारण ते पंपाचं पाणी पीतच नव्हते! (देखण्या आलेखावर पीएचडी निघेल असं मानणाऱ्यांनी ही वणवण जरूर वाचावी.)

एवढं करूनही तज्ज्ञांना पटलं नाही. सरकारी आकडेवारी सांभाळणारे विल्यम फार पाण्याच्या बाजूने ठामपणे उभे राहिले ते १८६६ च्या साथीत. स्नो १८५८ मध्येच वारले होते.