आयफोनला ‘सॉफ्टवेअर मारताना’ अडतं कुठे?

आयफोन सफरचंदाच्या चिन्हावर अडकून बसला, की दुरुस्तीच्या दुकानात ठरलेलं वाक्य ऐकू येतं, “सॉफ्टवेअर मारावं लागेल.” म्हणजे फोन केबलने कॉम्प्युटरला जोडायचा, मॅक असेल तर फाइंडर आणि विंडोज असेल तर आयट्यून्स उघडायचं आणि रिस्टोअर करायचं, म्हणजे आतलं सगळं पुसून आयओएस ही फोनची कार्यप्रणाली नव्याने भरायची. पट्टी अर्ध्यावर येते, थबकते आणि पडद्यावर उमटतं, ‘अज्ञात त्रुटी ४०१३’. अज्ञात म्हणायचं आणि वर क्रमांकही द्यायचा! पण हा क्रमांक अगदीच निरुपयोगी नसतो. काय बिघडलं हे तो क्वचितच सांगतो. काम कुठवर आलं होतं आणि कुठे अडलं, एवढं मात्र बऱ्यापैकी सांगतो.

‘मारणं’ या शब्दामुळे वाटतं, की पेनड्राइव्हवर सिनेमा टाकतात तशी एक फाइल फोनमध्ये ओतली की झालं. खरं तर हा तिघांचा व्यवहार आहे. फोन, कॉम्प्युटर आणि अ‍ॅपलचा सर्व्हर, यातल्या एकानेही मान हलवली नाही तर काम जागीच थांबतं.

फोनच्या मुख्य चिपमध्ये कारखान्यातच कोरलेला एक छोटा प्रोग्रॅम असतो, बूट रॉम. चिप बनल्यावर तो अ‍ॅपललाही बदलता येत नाही. फोन चालू होताना तो पुढच्या प्रोग्रॅमची डिजिटल सही तपासतो, ती पटली तरच सूत्रं त्याच्या हाती देतो. तो त्याच्या पुढच्याची सही तपासतो. अशी ही साखळी आयओएसच्या गाभ्यापर्यंत जाते. त्यामुळे नव्याने भरायच्या आयओएसवरही सही हवी, आणि ती सर्वांना एकच चालत नाही. प्रत्येक चिपचा स्वतःचा एक क्रमांक असतो. कॉम्प्युटर तो क्रमांक, फोनने त्या वेळेपुरता तयार केलेला एक यादृच्छिक आकडा आणि आयओएसच्या भागांचे डिजिटल ठसे (फाइलवरून काढलेले ओळखीचे आकडे) अ‍ॅपलच्या सर्व्हरकडे पाठवतो. सर्व्हर त्या फोनसाठी, त्या वेळेपुरती सही करून देतो. कालचा ओटीपी आज चालत नाही, तसंच. २०११च्या आयओएस ५पूर्वी हा यादृच्छिक आकडा नव्हता, म्हणून हौशी मंडळी जुन्या सह्या साठवून ठेवत आणि हवं तेव्हा जुनी आवृत्ती परत टाकत. ती वाट तेव्हापासून बिकट झाली.

ही सही मिळाली नाही की येतो ३१९४. कारणं बहुतेकदा साधी असतात. जपून ठेवलेली जुनी आयओएस फाइल वापरली, पण नवी आवृत्ती आल्यावर थोड्याच दिवसांत अ‍ॅपल जुनीवर सही करणं बंद करतं. किंवा ऑफिसच्या फायरवॉलने वाट अडवलेली असते. किंवा पूर्वी कधीतरी जेलब्रेकच्या, म्हणजे फोनवरची कंपनीची बंधनं तोडण्याच्या, नादात कॉम्प्युटरच्या होस्ट्स फाइलमध्ये अ‍ॅपलच्या सर्व्हरचा पत्ता भलतीकडे वळवून ठेवलेला असतो आणि विसर पडलेला असतो. कॉम्प्युटरची तारीख-वेळही एकदा बघावी. ती चुकली तर सर्व्हरचं प्रमाणपत्रच मुदतबाह्य दिसतं आणि जोडणी होत नाही.

९, ४००५, ४०१३, ४०१४ हे आकडे वेगळ्या जातीचे. इथे सही मिळालेली असते, पण फोन आणि कॉम्प्युटर यांची मध्येच ताटातूट होते. गंमत अशी, की रिस्टोअरमध्ये फोन मुद्दामच अधूनमधून तुटून पुन्हा जोडला जातो, आणि दर वेळी वेगळं नाव सांगतो. यूएसबीवर रिकव्हरी मोडमधला, म्हणजे आयओएस भरून घ्यायला थांबलेला, फोन १२८१ या ओळखीने येतो, त्याहून खालच्या, नुसता बूट रॉम जागा असलेल्या डीएफयू मोडमधला १२२७ या ओळखीने. म्हणजे विंडोजच्या दृष्टीने एक उपकरण गेलं आणि दुसरंच आलं. दर वेळी योग्य ड्रायव्हर (उपकरणाशी बोलणारा छोटा प्रोग्रॅम) सापडायला हवा, पोर्टने दम धरायला हवा. यूएसबी हब किंवा व्हर्च्युअल मशीन (कॉम्प्युटरच्या आत चालणारा आभासी कॉम्प्युटर) मध्ये असलं तर या बदलांतच फोन हरवतो. म्हणून केबल थेट कॉम्प्युटरच्या पोर्टमध्ये, डेस्कटॉप असेल तर मागच्या बाजूला लावावी. “पण याच केबलने चार्जिंग तर होतं!” हा युक्तिवाद इथे टिकत नाही. चार्जिंगला वीज वाहणाऱ्या तारा पुरतात, माहितीच्या तारा वेगळ्या, आणि बहुतेक आयफोनमध्ये त्यांतून सेकंदाला ४८ कोटी बिट्सपर्यंत वेगाने खुणा जातात. वीज निभावून नेणारी जुनी केबल तिथे हमखास अडखळते. फोनच्या पोर्टमध्ये खिशातला कापूस जमला असेल तर त्यानेही हेच होतं.

दोन केबल, दोन कॉम्प्युटर बदलूनही तोच आकडा त्याच जागी येत असेल, तर मात्र संशय फोनच्या बोर्डावर घ्यावा. साठवणीची चिप किंवा तिच्या सोल्डरचे टाके गेलेले असू शकतात, विशेषतः फोन पडला किंवा भिजला असेल तर. मग रिस्टोअर आणखी दहादा करण्यात अर्थ नाही.

आकडा कधी कधी बिघाडाचा नसतोच. २०१६च्या सुरुवातीला गाजलेला ५३ तसा होता. बाहेरच्या दुकानात होम बटण बदललेले आयफोन ६ अपडेट किंवा रिस्टोअर करताना तो दाखवत आणि ठप्प होत. होम बटणातला टच आयडीचा, म्हणजे बोटाचा ठसा ओळखणारा, सेन्सर मूळच्या फोनशी जोडलेला असतो, ती जोडी जुळली नाही की फोन पुढेच जात नसे. ही कारखान्यातली चाचणी होती, ग्राहकांना त्रास द्यायचा हेतू नव्हता, असं सांगत अ‍ॅपलने माफी मागितली आणि फेब्रुवारीतच सुधारित आयओएस ९.२.१ दिलं. ऑस्ट्रेलियात मात्र प्रकरण न्यायालयात गेलं आणि २०१८मध्ये ९० लाख ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड झाला.

रिकव्हरी मोडमध्ये फोन जोडला की दोन बटणं समोर येतात, अपडेट आणि रिस्टोअर. आधी अपडेटच दाबावं, त्यात फोटो आणि मेसेज जागेवर ठेवून आयओएस तेवढं नव्याने बसतं. फाइल उतरायला १५ मिनिटांपेक्षा जास्त वेळ लागला तर फोन त्या मोडमधून आपोआप बाहेर पडतो. घाबरू नये, फाइल पूर्ण उतरू द्यावी आणि फोन पुन्हा त्या मोडमध्ये न्यावा. आयफोन ८ आणि नंतरच्या फोनवर आवाज वाढवायचं बटण दाबून सोडायचं, मग आवाज कमी करायचं बटण तसंच दाबून सोडायचं, आणि बाजूचं बटण केबल-कॉम्प्युटरचं चित्र येईपर्यंत धरून ठेवायचं. सफरचंद दिसलं म्हणून बोट काढायचं नाही, नेमकी तिथेच बहुतेकांची चूक होते.

रिस्टोअरमध्ये पुसण्याचं काम डोळ्याचं पातं लवतं तोवर होतं. फोनमधलं सगळं आधीपासून सांकेतिक रूपात लिहिलेलं असतं, पुसायची असते ती फक्त किल्ली. ती गेली की उरलेले गिगाबाइट वाचता येत नाहीत, कुठल्याही रिकव्हरी सॉफ्टवेअरला नाहीत. म्हणून क्रमांक कोणता आला हे बघावं. ३१९४ किल्ली पुसण्याच्या आधीच्या पायरीवर येतो, फोटो अजून आत असण्याची आशा असते. रिस्टोअरची पट्टी अर्ध्यावर गेल्यावर ४०१३ आला असेल, तर शोधायचा तो आयक्लाउडवरचा किंवा जुन्या लॅपटॉपवरचा बॅकअप.