गावाचा बंदोबस्त कुणाच्या खांद्यावर?

गावाचा बंदोबस्त गावानंच ठेवायचा, ही रीत विदर्भात जुनी आहे. वऱ्हाडात पाटील, नागपूर-भंडाऱ्याकडे मालगुजार (सारा भरणारा गावचा मालक) आणि त्याचा मुकद्दम, आणि त्यांच्या हाताखाली कोतवाल. रात्रीची गस्त, दवंडी, ठाण्यात वर्दी देणं, सगळं कोतवालाकडे. आणि तो बहुतेक ठिकाणी महार समाजातला. हुकूम एका घराचा, पायपीट दुसऱ्याची.

मालगुजारी १९५१ मध्ये गेली, वंशपरंपरेची पाटीलकी १९६२ च्या कायद्यानं. मग १९६७ च्या महाराष्ट्र ग्राम पोलीस अधिनियमानं नेमणुकीचा पोलीस पाटील आला. आजही गाव आणि ठाणं यांच्यामधला दुवा तोच. नेमणूक उपविभागीय अधिकाऱ्याची, विचारणा ठाणेदाराची, आणि राहायचं मात्र त्याच गावात. दारू गाळणाऱ्याची खबर त्यानं द्यावी ही अपेक्षा. पण गाळणाऱ्याचं घर त्याच्याच गल्लीत असतं. बीट जमादाराची मोटारसायकल तिथं थांबली की दिवस मावळायच्या आत गावाला कळतं, कुणी सांगितलं ते. २०२४ मध्ये मानधन साडेसहा हजारांवरून पंधरा हजार झालं. ते व्हायलाच हवं होतं, पण त्यानं ही भीती जात नाही. गडचिरोलीत तर पोलिसांचा खबऱ्या ठरवून नक्षलवाद्यांनी कित्येक पोलीस पाटलांचा जीव घेतला.

१५ ऑगस्ट २००७ ला आर. आर. पाटील गृहमंत्री असताना महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. गावातले तंटे गावच्याच समितीनं मिटवायचे, ही तिची कल्पना. तिनं केलेलं चांगलं काम मी नाकारणार नाही. शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, भांडणारे दोन भाऊ मारुतीच्या पारावर बसतात, पंच शेतात जाऊन दोरी धरतात, दगड रोवला जातो, रजिस्टरवर सह्या होतात. कोर्टात हाच वाद नातवंडांपर्यंत गेला असता. घरच्यांचा विरोध असलेल्या कितीतरी जोडप्यांची लग्नंही समित्यांनी लावून दिली.

पण तंटामुक्त ठरणाऱ्या गावाला बक्षीस लागलं आणि तक्रार म्हणजे गावाची बदनामी झाली. नवऱ्याचा मार खाल्लेली बाई ठाण्याकडे निघाली की तिला वाटेतून परत आणतात, 'घरातलं घरात मिटव' म्हणून. समजावणारे बहुतेक पुरुष, त्यातले निम्मे सासरचे. रजिस्टरमध्ये तंटा मिटलेला असतो. ती मात्र त्याच घरात परत गेलेली असते. तडजोड होऊ शकत नाही असे गुन्हे पारावर आणणं, ही या मोहिमेची सगळ्यात मोठी चूक, असं मला ठामपणे वाटतं.

आणि 'गाव' म्हणजे तरी कोण? मोहिमेच्या एकच वर्ष आधी, सप्टेंबर २००६ मध्ये, भंडारा जिल्ह्यात खैरलांजीजवळच्या एका गावच्या दलित पोलीस पाटलाला जबर मारहाण झाली. खैरलांजीच्या भोतमांगे या दलित कुटुंबातल्या मायलेकी त्या प्रकरणात साक्षीदार होत्या. २९ सप्टेंबरला आरोपी जामिनावर सुटले आणि त्याच संध्याकाळी मायलेकींसह घरातल्या चौघांना मारलं गेलं. मारणारे गावातलेच होते.