बाळाचा आजार आणि आईवरचा ठपका

मायटोकॉन्ड्रियाचा, म्हणजे पेशीतल्या ऊर्जा तयार करणाऱ्या भागाचा, आजार म्हटलं की 'आईकडून आला' असं पटकन बोललं जातं. मायटोकॉन्ड्रियाचा डीएनए मुलाला आईकडूनच मिळतो, हे खरं. पण एवढ्यावरून आजारी बाळाच्या आईला बोल लावणं चूक आहे, आणि त्याचा पुरावा मायटोकॉन्ड्रियाच्या रायबोसोममध्येच, म्हणजे प्रथिनं बनवणाऱ्या यंत्रातच सापडतो.

हा डीएनए छोटासा, १६,५६९ अक्षरांचा. त्यात फक्त १३ प्रथिनांचे आराखडे आहेत, पण ती तेराही प्रथिनं पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या यंत्रणेचे भाग आहेत. ती बनवायला मायटोकॉन्ड्रियात स्वतंत्र रायबोसोम असतो. त्याचे मुख्य आरएनए, म्हणजे डीएनएवरून उतरवले जाणारे रेणू, तिथेच तयार होतात. त्याची ८०च्या आसपास प्रथिनं मात्र बाहेर, पेशीद्रव्यात बनून आत येतात. त्या सगळ्यांची जनुकं पेशीच्या केंद्रकात असतात, आणि तिथल्या जनुकाची एक प्रत आईची, तर एक वडिलांची.

यांपैकी एमआरपीएस१६ या जनुकातला दोष २००४मध्ये नोंदला गेला. नवजात बाळाच्या रक्तात लॅक्टिक आम्ल साचत गेलं आणि ते दगावलं. पुढे एमआरपीएल३ आणि एमआरपीएल४४ यांच्या दोषांत हृदयाचे स्नायू जाड झालेली मुलं आढळली. एमआरपीएस२ बिघडलं तर ऐकू कमी येतं, रक्तातली साखर घसरते. यंत्र एकच, तरी प्रत्येक प्रथिनाच्या दोषाची झळ वेगळ्या अवयवाला का बसते, हे कोडं संशोधकांना अजून पूर्ण सुटलेलं नाही.

असे आजार बहुतेक वेळा दोन्ही प्रती सदोष असल्या तरच होतात. एकेकच सदोष प्रत असलेले आईवडील दोघंही ठणठणीत असतात आणि दर गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. मामा-भाची किंवा आते-मामे भावंडांच्या लग्नांत तीच सदोष प्रत दोघांकडे असण्याचा संभव वाढतो.

याच रायबोसोमच्या आरएनएच्या जनुकात, मायटोकॉन्ड्रियाच्या डीएनएतल्या १५५५व्या जागी होणारा एक बदल मात्र खरोखरच आईकडून येतो. तो असलेल्या माणसाला जेंटामायसिनसारख्या प्रतिजैविकाचं इंजेक्शन दिलं, तर कायमचा बहिरेपणा येऊ शकतो. त्यामुळे आईकडच्या नातेवाइकांत असं कुणाला झालं असेल, तर डॉक्टरांना आधीच सांगावं.

जनुकीय तपासणीचा अहवाल हाती आला, की दोष केंद्रकातल्या जनुकात आहे की मायटोकॉन्ड्रियाच्या डीएनएत, हे आवर्जून विचारावं. पुढच्या बाळाला किती धोका आहे आणि गर्भाची कोणती तपासणी करायची, हे त्या उत्तरावरच ठरतं.