ज्येष्ठांचे डिजिटल शिक्षण

साठी ओलांडलेल्या व्यक्तींना स्मार्टफोन आणि इंटरनेटवरील सेवा स्वतःच्या हाताने वापरता याव्यात, यासाठी दिले जाणारे शिक्षण. महाराष्ट्रात ते बहुतेक घरातल्या नातवंडांकडून, काही प्रमाणात ज्येष्ठ नागरिक संघ आणि विरंगुळा केंद्रांतून मिळते. सरकारी पाठबळ तुटपुंजे राहिले. २०१७ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री ग्रामीण डिजिटल साक्षरता अभियानाचे उद्दिष्ट सहा कोटी ग्रामीण कुटुंबांपर्यंत पोहोचण्याचे होते. पण वयाची अट होती १४ ते ६०. ज्यांना शिकवणीची सर्वांत जास्त गरज, तेच बाहेर राहिले.

शिकण्याची निकड अनेकांना निवृत्तिवेतनामुळे भासते. नोव्हेंबरात बँकेत जाऊन हयातीचा दाखला देण्याला पर्याय म्हणून १० नोव्हेंबर २०१४ रोजी ‘जीवन प्रमाण’ ही आधारवर चालणारी सेवा सुरू झाली. सुरुवातीला ओळख पटवण्याची भिस्त मुख्यतः बोटांच्या ठशांवर होती, आणि उतारवयात, विशेषतः आयुष्यभर कष्टाची कामे केलेल्यांचे, ठसे झिजलेले असतात. यंत्र ते वाचत नसे. २०२१ मध्ये चेहऱ्यावरून ओळख पटवण्याची सोय झाली आणि साध्या स्मार्टफोनच्या कॅमेऱ्यावर काम भागू लागले. चेहऱ्यावर पुरेसा उजेड हवा आणि अ‍ॅप सांगेल तेव्हा डोळ्यांची उघडझाप करायची. सूचना नीट वाचता आली, तर एवढे पुरते. केंद्राच्या निवृत्तिवेतन विभागाने २०२२पासून दर नोव्हेंबरात यासाठी मोहीम चालवली आहे.

घरच्या शिकवणीत एक गोष्ट हमखास घडते. नातू फोन आपल्याकडे घेतो, चार ठिकाणी बोट लावतो आणि ‘झालं, आजोबा’ म्हणून परत देतो. काम होते, शिकणे होत नाही. फोन शिकणाऱ्याच्याच हातात ठेवावा आणि तीच कृती त्याच्याकडून पुन्हा पुन्हा करून घ्यावी, हे उत्तम. वहीत पायऱ्या लिहून ठेवण्याची सवय उपयोगी पडते, मात्र अ‍ॅप अद्ययावत झाले की बटणांची जागा बदलते आणि वही चुकीची ठरते. म्हणून ‘मागे कसे यायचे’ हे सगळ्यांत आधी शिकवलेले बरे.

काही अडचणी बुद्धीच्या नसून शरीराच्या असतात. कोरड्या त्वचेचा स्पर्श पडदा कधी ओळखत नाही. थरथरते बोट जरा जास्त वेळ टेकले, की भलताच पर्याय उघडतो. अक्षरांचा आकार आणि ‘दाबून धरण्याचा’ कालावधी सेटिंगमध्ये वाढवता येतो, पण घरच्यांना हे क्वचितच ठाऊक असते. टंकलेखनाचा त्रास मराठीतून बोलून लिहिण्याच्या सोयीने पुष्कळ कमी झाला आहे.

पैशांची भीती मात्र सेटिंग बदलून जात नाही, आणि ती अनाठायीही नाही. यूपीआयचा पिन पैसे देताना लागतो, घेताना कधीच लागत नाही. पोलीस असल्याची बतावणी करून व्हिडिओ कॉलवर धमकावणारे ज्या ‘डिजिटल अटके’ची भीती घालतात, तसा प्रकार कायद्यात नाही. फसवणूक झालीच तर लगेच १९३० या क्रमांकावर कळवावे. या तीन गोष्टी पहिल्याच दिवशी सांगायला हव्यात. व्यवहाराचा सराव घरातल्याच कोणाला तरी एक रुपया पाठवून करता येतो.

अंथरुणाला खिळलेल्यांसाठी पोस्टमन घरी येऊन हयातीचा डिजिटल दाखला काढून देतो. ही सोय मोलाची असली, तरी ती शिक्षणात मोडत नाही.